सोलापूरच्या माळावर: वाडा, तांडा आणि पालावर जायचं तर

सोलापूर जिल्ह्यात येणारा पाहुणा बहुधा पंढरपूर, अक्कलकोट, सिद्धेश्वर असं करत तुळजापूरला निघून जातो. मधला माळ त्याला गाडीच्या काचेतून दिसतो तेवढाच. त्या माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे मुक्काम, उतरलेले असतात. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे बंजारा तांडे आहेत, गावाबाहेर पारध्यांच्या वस्त्या आहेत आणि बाजारतळावर, पुलाच्या कडेला घिसाडी, वैदू, मसणजोगी यांची पालं, म्हणजे तंबू, पडतात. या लोकांकडे जायचं असेल तर दोन गोष्टींचा निकाल आधी लावावा लागतो. त्या महिन्यात ते घरी असतात का, आणि तुम्हाला तिथं कोण घेऊन जाणार? गाडी, सामान, मुक्काम हे सगळं त्यानंतर.

कोणाला काय म्हणायचं

सरकारी यादीत हे सगळे एका नावाखाली नाहीत. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. बंजारा, कैकाडी, वडार विमुक्त जातींत. घिसाडी, वैदू, मसणजोगी भटक्या जमातींत, आणि धनगरांचा भटक्या जमातींतच 'क' हा स्वतंत्र प्रवर्ग आहे. त्यामुळे 'आदिवासी बघायला आलोय' हे वाक्य तांड्यावरही चालत नाही आणि वाड्यावरही नाही. धनगरांची अनुसूचित जमातीच्या आरक्षणाची मागणी जुनी आणि जिव्हाळ्याची आहे. तो विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर मत न देता ऐका.

थोडा इतिहास ठाऊक असल्याशिवाय मात्र पाऊल टाकू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. माणसं गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायला परत कुंपणात यायची. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. शहरातला तो भाग मात्र आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. अनोळखी माणूस वही आणि कॅमेरा घेऊन वस्तीत शिरला की तो पोलिसांचा नाहीतर बातमीवाला, असा समज होतो, त्याची मुळं इथं आहेत. तो समज तुमच्या हसऱ्या चेहऱ्यानं जाणार नाही. ओळखीचा माणूस बरोबर असला तरच जाईल.

कोण कधी घरी असतं

जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. माळाचं सगळं वेळापत्रक या पावसावर चालतं.

जूनपासून दिवाळीपर्यंत सांगोला, मंगळवेढा, माळशिरस भागातले बरेच मेंढपाळ आपापल्या गावाच्या शिवारात असतात, कारण माळावर गवत असतं. दिवाळी झाली की वाडे हलू लागतात. कोणी पश्चिमेला घाटाकडच्या गावांकडं वळतं, कोणी मराठवाड्याच्या किंवा कर्नाटकाच्या बाजूला. वाट वाड्यावाड्याची ठरलेली असते. पाऊस तोंडावर आला की परतीची चाल सुरू होते. म्हणजे जानेवारीत धनगराच्या गावी गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं भेटतील. मेंढरं आणि कर्ती माणसं दूर कुणाच्या तरी रानात असतील. उलट त्याच जानेवारीत, आपल्या शिवारात दुसऱ्या तालुक्यातला वाडा उतरलेला सापडू शकतो.

तांड्यांचं गणित वेगळं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कारखान्यांचा हंगाम सुरू होताच, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बाहेर पडतात ती मार्च-एप्रिलला परततात. उरलेली बरीचशी रोजगारासाठी शहरात ये-जा करतात. तांडा भरलेला पाहायचा तर श्रावणातली तीज किंवा होळी गाठा. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते. त्या दिवशी घरी असलेली सगळी मंडळी देवळापाशी असतात.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कारखान्याच्या तळावर दिसतात आणि प्रवाशांना त्यांचं कुतूहल वाटतं. तिथं जाऊ नका. ती माणसं पहाटे तीन-चारला फडात जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात. त्यांच्याकडे तुमच्यासाठी वेळ नसतो आणि तो मागणंही बरं नव्हे.

एप्रिल-मे टाळावाच. पारा चाळिशीच्या वर जातो, माळावर सावली नाही आणि पाणी लोकांनाच पुरत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सर्वात चांगला काळ म्हणजे नवरात्र ते दिवाळी. गवत उभं असतं, वाडे जवळ असतात आणि लोकांचं मन सणात असतं.

वाट दाखवणारा कसा शोधायचा

फोनवर 'टूर' ठरवून मिळेल असं इथं काही नाही, आणि नाही तेच चांगलं. माणूस शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली आहेत तो शेतकरी पहिला. खतासाठी एक-दोन रात्री मेंढरं रानात बसवायची आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा जुना व्यवहार आहे. त्यामुळं वाडा आज कुठं आहे आणि परवा कुठं जाणार हे त्याला नेमकं माहीत असतं. दुसरी जागा तालुक्याच्या आठवडी बाजारातला शेळ्या-मेंढ्यांचा भाग. बाजाराचा वार आधी विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोचा. नऊ-दहानंतर सौदे आटोपलेले असतात. तिसरी जागा जिल्हा परिषदेची शाळा. वस्तीशाळेवरच्या गुरुजींचा शब्द तांड्यावर आणि पारध्यांच्या वस्तीवर सरपंचापेक्षा जास्त चालतो.

वाट दाखवणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या, आणि ती आधी बोलून घ्या. त्या भागात शेतावरच्या गड्याला दिवसाला जे मिळतं त्याच्या दीडपट द्या, कारण त्याचा पूर्ण दिवस जातो आणि वर त्याची पत पणाला लागते. 'बघू नंतर' असं म्हणून निघालात तर संध्याकाळी दोघांनाही अवघड होतं.

दक्षिणेकडं, म्हणजे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या कर्नाटकाकडच्या गावांत, घरात कन्नड बोलणारी मंडळी बरीच आहेत. तांड्यावर आपसात गोरबोली ही बंजाऱ्यांची बोली चालते, पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे. मराठी सगळ्यांना समजते, पण म्हातारी माणसं आपल्या बोलीत मोकळी होतात. म्हणून बरोबरचा माणूस ती बोली जाणणारा असावा. तुमच्यात निदान एक बाई असावी, हे त्याहून महत्त्वाचं. दुपारच्या वेळी वाड्यावर आणि वस्तीवर बायाच असतात. नुसत्या पुरुषांची टोळी गेली की बोलणं उंबऱ्यावरच संपतं.

गाडी, पाणी आणि काटे

मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, बार्शीपर्यंत एसटी आहे. पुढं खासगी जीप किंवा आपली दुचाकी. चारचाकीपेक्षा दुचाकी बरी, कारण वाडा रस्त्यावर उतरत नाही, तो रानात उतरतो.

माळावर बाभूळ, बोर आणि वेड्या बाभळीचे काटे सगळीकडे पडलेले असतात. पंक्चरचं सामान आणि लहान हवा पंप बरोबर ठेवा. ट्यूबलेस टायर असेल तर काटा लगेच उपटू नका. हवा धरून असेल तर तसंच दुकानापर्यंत जा. पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानात गाडी घालूच नका. चिकण माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. काठीनं माती काढत बसण्यापेक्षा मुरमाच्या वाटेवर गाडी लावून पायी जाणं शहाणपणाचं. दोन दिवस ऊन पडलं की तीच वाट टणक होते.

दिवाळीच्या सुमारास गवताला कुसळं धरतात. ती सुती मोज्यांत आणि लोकरीत अशी रुततात की संध्याकाळी एकेक उपटावं लागतं. जाड, गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. पाणी माणशी चार लिटर, तुमचं तुम्ही. वाड्यावरचं पाणी बाई डोक्यावरून आणते; ते मागून बाटल्या भरू नका.

घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. अंधार पडल्यावर विजेरीशिवाय दहा पावलंही चालू नका. साप चावला तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरज पडली तर सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात पाठवतील. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा.

वाड्यावर

वाडा म्हणजे चार-दोन कुटुंबांचा एकत्र मुक्काम. घोडी, बाज, चुली, कोंबड्या, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली मेंढरं आणि लहान कोकरांसाठी वेगळी जागा. सकाळी कोकरं पाजून, दूध काढून मेंढके नऊ-दहाला खांड, म्हणजे कळप, घेऊन निघतात ते दिवस मावळताना परततात. जायची वेळ म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी मेंढरं कोंडून झाल्यावर. मधल्या घाईत, म्हणजे मेंढरं येण्याच्या अर्ध्या तासात, कोणाला बोलायला फुरसत नसते. कोकरं आईकडं धावतात, कुठलं कोकरू कुणाचं हे बघून सोडायचं असतं, आणि तेव्हा मध्ये उभा राहिलेला पाहुणा फक्त अडचण करतो.

पोचल्यावरचा क्रम असा ठेवा:

१. गाडी शंभर-दीडशे पावलं लांब बंद करा. हॉर्न नको. इंजिनच्या आवाजानं मेंढरं बुजतात आणि एक पळालं की सगळी पळतात.

२. तिथूनच हाक द्या. कुत्री लांडग्यासाठी पाळलेली असतात. ती भुंकून थांबणारी नव्हेत. वाड्यातलं माणूस पुढं येऊन कुत्र्यांना आवरेपर्यंत जागचं हलू नका. पळू नका, वाकून दगड उचलू नका. एवढं करूनही चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

३. खांडाच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. वाघरीच्या दोरीवरून ओलांडू नका.

४. बसायला घोंगडं पसरलं जाईल. पायताण काढून बसा. घोंगडं देवाचं मानतात. त्यावर पाय देऊन उभं राहणं किंवा ते ओलांडणं चांगलं दिसत नाही.

५. जाणत्या माणसाला 'राम राम' करा, कुठून आलात, कोणी पाठवलं, हे सांगा. मगच बाकीचं.

६. चहा येईल, बहुधा शेळीच्या दुधाचा. नको म्हणू नका. कमी हवा असेल तर 'घोटभर द्या' म्हणा. जेवायला थांबवलं आणि तुम्ही मांस खात नसाल तर भाकरी थापायच्या आधीच सांगा, ताटात आल्यावर नको.

मेंढरं किती, हे विचारू नका. अनोळखी माणसानं बँकेत पैसे किती म्हणून विचारण्यासारखं ते आहे. त्याऐवजी यंदा चारा कसा आहे, कुठल्या वाटेनं आलात, पुढं कुठल्या गावाला, लांडग्याचा त्रास आहे का, हे विचारा. माडग्याळ जातीची मेंढरं असतील तर उंची आणि बाकदार नाक लगेच ओळखू येतं. ती जत भागातली जात. त्याबद्दल विचारलं की बोलणं आपोआप वाढतं. गावोगावच्या चराऊ जमिनी कमी होत गेल्या, गायरानं आटली, ही त्यांची आजची खरी चिंता आहे, आणि त्याबद्दल त्यांच्याइतकं तपशिलात कोणी सांगणार नाही.

बरोबर काय न्यायचं? चार चुलींच्या वाड्याला पाव किलो चहा पावडर, दोन किलो साखर, एक किलो गूळ, लिटरभर गोडेतेल आणि एक नारळ पुरे. निघताना वाड्यातल्या थोरल्या बाईच्या हातात द्या, एकदाच. मुलांना गोळ्या-चॉकलेट, सुटे पैसे देऊ नका. पुढच्या प्रत्येक गाडीमागं ती पळत येतात, आणि आईबापांना ते खटकतं. जुने कपडे नेऊ नका. डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या वाटू नका. कुणाला काय आजार आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

वाड्यावर मुक्काम पहिल्या खेपेला करू नये. गावात देवळाच्या धर्मशाळेत किंवा ओळखीच्या घरी झोपा. पुढं कधी त्यांनी आपण होऊन राहा म्हटलं, तर स्वतःचं अंथरूण न्या, आणि झोपायची जागा त्यांना दाखवू द्या. रात्री कुत्री फिरत असतात, त्यामुळं अंधारात उठायचं झालं तर आधी आवाज द्या. विजेरी मेंढरांच्या डोळ्यांवर मारू नका.

नान्नज-वडाळ्याच्या बाजूला फिरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इथं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. वनखात्याच्या राखलेल्या गवताच्या कुरणांत चराईला बंदी आहे, आणि त्यावरून मेंढपाळ आणि खातं यांच्यात ताण असतो. कुरणात जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या, आणि वाड्यावर बसून कोण चूक कोण बरोबर हा निवाडा करू नका. माळढोक आता इथं दिसणं फार दुर्मीळ झालं आहे; काळवीट मात्र दिसतात, आणि नशीब असेल तर पहाटे लांडगा.

घोंगडं घ्यायचं असेल तर

लोकर धनगराच्या मेंढराची, विणकाम बहुतेक सनगर या विणकर समाजाचं. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. लोकरीला भाव इतका कमी मिळतो की कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून हातानं सूत काढलेलं घोंगडं दिवसेंदिवस कमी होत चाललं आहे. तेव्हा मिळालं तर घ्या, आणि घासाघीस करू नका.

अस्सल घोंगडं हाताला खरखरीत लागतं, लोकरीचा उग्र वास येतो आणि सूत एकसारखं नसतं. कुठं जाड, कुठं बारीक. काळा रंग नैसर्गिक असेल तर उन्हात धरल्यावर त्यात तपकिरी झाक दिसते. ठार काळं, सगळीकडं सारखं दिसलं तर रंगवलेलं समजा. खात्री करायची तर कडेचा एक धागा काढून जाळा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांत भुरभुरीत होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. हे विकणाऱ्याला विचारून करा, त्याच्या नकळत नको.

नवं घोंगडं ताठ असतं, कारण त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ही खळच त्याला घट्टपणा देते, त्यामुळं घरी आणल्या आणल्या धुऊ नका. वापरून आपोआप मऊ पडतं. धुवायचंच तर गार पाण्यात, साबणाची पावडर न घालता, न पिळता उभ्या उन्हात पसरून. वर्षातून दोन-तीनदा कडक ऊन दाखवा आणि घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, नाहीतर कसर लागते.

हुलजंती

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेजवळ हुलजंती आहे. तिथं महालिंगरायाची यात्रा दिवाळीच्या अमावास्येला भरते. महालिंगराया हा धनगरांचा देव बिरोबा याचा शिष्य. अमावास्येच्या रात्री देवळाच्या शिखराला खुद्द महादेव मुंडास, म्हणजे फेटा, बांधतो, अशी श्रद्धा आहे, आणि ते पाहायला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज लाखांनी जमतो. त्यानंतर पालख्यांच्या भेटी होतात. ढोल-कैताळाच्या गजरात भंडारा, खोबरं आणि लोकर उधळली जाते. माळावर विखुरलेला सगळा समाज एका ठिकाणी बघायचा तर वर्षातली हीच वेळ.

गर्दीची तयारी वेगळी लागते. अमावास्येच्या दिवशी दुपारच्या आत मंगळवेढा सोडा, संध्याकाळी रस्ता वाहनांनी भरतो. गाडी गावाच्या बरीच अलीकडं, परतीच्या दिशेला तोंड करून लावा. मोबाईलचं जाळं गर्दीत कोलमडतं, म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं हे आधीच ठरवा; देऊळ ही खूण निवडू नका, तिथं पोचताच येत नाही. भंडाऱ्याची पूड कॅमेऱ्याच्या बटणांत आणि मोबाईलच्या चार्जिंगच्या छिद्रात शिरते. दोन्ही पारदर्शक पिशवीत घट्ट बांधा आणि लेन्स तिथं बदलू नका. कपडे जुने घाला. परत आल्यावर ते आधी कोरडेच झटका, मग धुवा; ओले केले की हळदीचा डाग धाग्यात बसतो. उरलेला पिवळेपणा कडक उन्हानं हळूहळू उडतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पालखी भेटीच्या वेळी लांब आणि उंचावर उभं राहावं.

कोणाच्या अंगात आलं असेल तर मोबाईल समोर धरू नका. भाकणूक चालू असताना शांत राहा. पाऊसपाणी कसं होणार हे ऐकायला लोक वर्षभर थांबलेले असतात.

तांड्यावर

शहराच्या सर्वात जवळचे तांडे हैदराबाद रस्त्याच्या बाजूला मुळेगाव परिसरात आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातही आहेत. तांड्याला नाईक आणि कारभारी असतो. आधी नाईकाच्या घरी जा, मग सेवालाल महाराजांच्या आणि जगदंबेच्या देवळात, पायताण बाहेर काढून. 'जय सेवालाल' म्हटलं की उत्तर येतंच.

श्रावणातल्या तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालून राखतात आणि शेवटी वाजतगाजत विसर्जन करतात. हा मुलींचा सण आहे. पुरुष पाहुण्यांनी कडेला उभं राहावं. होळीला लेंगी गीतं आणि नाच असतो, आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधी होतो. धुंड ही घरची गोष्ट आहे, बोलावलं तरच जा.

फेटिया-काचळी हा पारंपरिक पेहराव आता बहुतेक थोरल्या बायाच नेसतात. फोटोसाठी तो घालायला लावू नका. आरसे, कवड्या आणि नाणी लावलेलं भरतकाम विकत मिळालं तर कापड उलटं करून बघा. हाताच्या टाक्यांत मागं गाठी आणि असमान अंतर दिसतं, यंत्राचं काम मागूनही एकसारखं असतं.

सोलापूरच्या काही तांड्यांचं नाव हातभट्टीशी जोडलं गेलं आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' ही मोहीम हाती घेतली आणि त्यातून लोकांना दुसऱ्या रोजगाराकडं वळवण्याचे प्रयत्न झाले. ज्यांनी धंदा सोडला त्यांना त्याबद्दल पाहुण्यानं छेडणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. हा विषय नको, चव घेण्याची गंमत तर मुळीच नको. बेकायदा दारूत काय मिसळलं आहे हे कोणालाच कळत नाही, आणि त्यानं माणसं मरतात.

पारध्यांच्या वस्तीवर

इथं स्वतःहून जाऊ नका. ओळखीच्या गुरुजींबरोबर, किंवा तिथं वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थेच्या माणसाबरोबरच जा. मुलांच्या शिक्षणाचं काम समजून घ्यायचं असेल तर शेजारच्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीची भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठीची निवासी शाळा आहे. भेट आधी विचारून ठरवा, आणि वर्ग चालू असताना फिरू नका.

शिकारीच्या गोष्टी खोदून विचारू नका. तित्तर-लाव्याची मागणी करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार, विक्री आणि खरेदी हे तिन्ही गुन्हे आहेत, आणि तुम्ही दिलेल्या पैशांपायी तुरुंगात तो जाईल. चोरीच्या आरोपांबद्दल, पोलिसांबद्दल तुम्ही विचारू नका. ते सांगू लागले तर ऐका, नाव-गाव लिहून घेऊ नका, रेकॉर्ड करू नका.

मदत करायची इच्छा असेल तर एकच काम घ्या आणि तडीस न्या. बहुतेक घरांची अडचण जातीच्या दाखल्याची असते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला आणि पालातच गेला, त्यानं कागद आणायचा कुठून? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गृहचौकशीचा अहवाल, भावकीतल्या कोणाचं आधी निघालेलं वैधता प्रमाणपत्र, यांतून वाट निघते. एका कुटुंबाबरोबर तहसील कचेरीत आणि फासेपारध्यांसाठी सोलापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात दोन-तीन खेटे घालणं, हे शंभर घोंगड्या वाटण्यापेक्षा उपयोगाचं आहे. फक्त सुरू करून मध्येच सोडू नका. असं सोडलेलं काम त्यांनी फार पाहिलं आहे.

फोटो, ओव्या आणि परत गेल्यावर

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. दुसऱ्या भेटीत विचारून काढा, आणि काढल्या काढल्या पडद्यावर दाखवा. नको म्हटलं की तिथंच पुसून टाका. मुलांचे, आंघोळीचे, अंगावर पाजणाऱ्या आईचे फोटो कधीच नकोत, आणि वस्तीचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. वाड्याची जागा उघड झाली तर मेंढरं चोरणाऱ्यांचं फावतं.

धनगरी ओवी रेकॉर्ड करायची असेल तर गायकाला आधी सांगा की ती कुठं ठेवणार, कोण ऐकणार. बिदागी ठरवून द्या. काही ओव्या देवापुढंच गातात, त्या बाहेर म्हणायला तो नकार देईल, आग्रह नको. ढोल जवळ असेल तर फोन दहा-पंधरा पावलं लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो आणि शब्द कळत नाहीत.

सोलापुरात परतल्यावर चार बाय सहाच्या प्रती छापून घ्या, प्रत्येक माणसाची वेगळी. मोबाईलवर पाठवलेला फोटो फोन बिघडला की जातो. छापील फोटो पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं राहतो. मागं गाव आणि तारीख लिहा. वाडा तोवर हलला असेल, तर ज्या शेतकऱ्याच्या रानात तो होता त्याच्याकडं, किंवा त्यांच्या मूळ गावच्या किराणा दुकानात पाकीट ठेवा. पावसाच्या तोंडावर घरी परतल्यावर ते त्यांना मिळतं.